दुरून कुणी जोडलंय का, हे प्रोग्रामला कसं कळतं?

ठाण्याच्या गायमुख घाटात रस्त्याचं काम निघालं की घोडबंदर रोडवरचे बरेच जण त्या दिवशी घरूनच काम करतात. नौपाड्यातल्या सीएच्या ऑफिसातला आर्टिकलही (सीए होण्यासाठी तिथे काम शिकणारा) घरून ऑफिसच्या मशीनला जोडून घेतो, टॅलीतून आकडे काढतो, कंपनीचा एमसीए (कंपनी व्यवहार मंत्रालय) फॉर्म भरतो आणि शेवटच्या पायरीवर, सही करताना, अडतो. डिजिटल सहीचं यूएसबी टोकन ऑफिसच्या मशीनला लावलेलं आहे, त्याचा दिवा लागलेला आहे असं ऑफिसातून फोनवर सांगतात, पण सॉफ्टवेअर म्हणतं टोकन सापडत नाही. मग कुणीतरी सुचवतं, 'रिमोट डेस्कटॉप सोड, एनीडेस्कनं जोड.' तसं केलं की त्याच मशीनवर, त्याच टोकननं सही होते.

इकडे मोबाइलवर मात्र उलटं. फोनमध्ये तेच एनीडेस्क असेल तर बँकेची काही ॲप्स इशारा देतात, काही उघडायलाच नकार देतात.

म्हणजे एका सॉफ्टवेअरला दुरून जोडलेलं कळतं, दुसऱ्याला कळत नाही आणि तिसरं नुसत्या संशयावर दार लावून घेतं. महापे-ऐरोलीच्या आयटी पार्कांत घरून काम करणाऱ्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना हा घोळ नेहमीचा आहे. त्याचं मूळ एकच: 'यूजर दुरून आलाय का?' हा प्रश्न ऐकायला एक वाटतो, पण त्यात निदान तीन प्रश्न आहेत: लॉगिन नेटवर्कवरून जोडलंय का, स्क्रीन दुसरं कुणी बघतंय किंवा चालवतंय का, आणि माणूस खरंच कुठे बसलाय. ऑपरेटिंग सिस्टम नीट उत्तर देते ते पहिल्याचंच.

## आधी सेशन समजून घेऊ

विंडोजमध्ये लॉगिन केलं की तुमच्या नावानं एक सेशन उघडतं. सेशन म्हणजे एका लॉगिनचा स्वतंत्र पसारा: त्याचा डेस्कटॉप, त्याच्या खिडक्या, त्याचा क्लिपबोर्ड, त्यात चालणारे प्रोग्राम. प्रत्येक सेशनला क्रमांक असतो. व्हिस्टापासून शून्य क्रमांकाचं सेशन फक्त मागे चालणाऱ्या सर्व्हिसेससाठी राखीव आहे. माणसांची सेशनं १ पासून पुढे.

मशीनला प्रत्यक्ष जोडलेला स्क्रीन, कीबोर्ड आणि माउस यांना मिळून कन्सोल म्हणतात. कन्सोलला एका वेळी एकच सेशन जोडलेलं असतं. बाकीची सेशनं एकतर नेटवर्कवरून कुणाच्या तरी स्क्रीनला जोडलेली असतात, नाहीतर कुणालाच न जोडता नुसती चालू असतात.

विंडोजचं स्वतःचं रिमोट डेस्कटॉप आरडीपी नावाच्या पद्धतीनं चालतं आणि सहसा ३३८९ क्रमांकाच्या पोर्टवर येतं. विंडोजच्या दृष्टीनं 'दुरून' याचा अर्थ एवढाच, की हे सेशन कन्सोलऐवजी अशा जोडणीला लावलेलं आहे. माणूस कुठे बसलाय हे त्याला ठाऊक नसतं. शेजारच्या टेबलावरून आरडीपी केलं तरी ते दूरचंच, आणि अमेरिकेतून एनीडेस्कनं चालवलं तरी ते जवळचंच.

## एनीडेस्क मग वेगळं काय करतं?

एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, व्हीएनसी, विंडोजचंच क्विक असिस्ट ही सगळी एका जातीची. ती नवं सेशन उघडत नाहीत. कन्सोलवर जे चाललंय त्याचं चित्र टिपून पाठवतात आणि पलीकडून आलेल्या कळा व माउसच्या हालचाली इथे सोडतात. सेशन जिथे होतं तिथेच, म्हणजे कन्सोलवरच, राहतं.

सोसायटीच्या गेटवरची वही डोळ्यांसमोर आणा. आरडीपीनं येणारा माणूस गेटवर नाव लिहून आत येतो. एनीडेस्कच्या बाबतीत घरातलाच माणूस फोन कानाला लावून बाहेरच्याच्या सांगण्यावरून कपाट उघडत असतो. वॉचमननं वही कितीही चोख ठेवली तरी तिच्यात याची नोंद येणार नाही, आणि त्यात वॉचमनची काही चूकही नाही.

टोकनचा घोळ यातूनच सुटतो. डिजिटल सहीचं यूएसबी टोकन विंडोजला स्मार्ट कार्ड म्हणून दिसतं. आरडीपीच्या सेशनमध्ये विंडोज स्मार्ट कार्डाची प्रत्येक विचारणा पलीकडच्या, म्हणजे तुमच्या घरच्या मशीनकडे वळवतं. ऑफिसच्या मशीनमध्ये खोचलेलं टोकन त्या सेशनला दिसतच नाही. हा बिघाड नाही, तसंच ठरवलेलं आहे: ज्याचं कार्ड, त्याच्या हातातल्या मशीनला. एनीडेस्कमध्ये सेशन कन्सोलचंच असल्यानं टोकन दिसतं. म्हणून सहीचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यानं 'टोकन सापडत नाही' एवढंच म्हणून थांबू नये. आधी सेशन दूरचं आहे का ते पाहावं आणि असेल तर स्पष्ट लिहावं: 'तुम्ही रिमोट डेस्कटॉपवर आहात. टोकन तुमच्या समोरच्या मशीनला लावा आणि जोडणी करताना स्मार्ट कार्डचा पर्याय चालू ठेवा.' या दोन ओळींनी मदतकक्षाचे किती फोन वाचतील, ते मदतकक्षावाल्यांनाच विचारा.

## विंडोजला थेट कसं विचारायचं

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे गेटसिस्टममेट्रिक्स हे फंक्शन. त्याला एसएम_रिमोटसेशन हा आकडा द्यायचा, म्हणजे ४०९६. उत्तर शून्य आलं तर कन्सोल, शून्य सोडून काहीही आलं तर दूरचं सेशन. डॉटनेटमध्ये यासाठी सिस्टमइन्फर्मेशन या क्लासमध्ये टर्मिनलसर्व्हरसेशन ही तयार प्रॉपर्टी आहे. पायथनमध्ये सीटाइप्स वापरून यूजर३२ मधलं हेच फंक्शन एका ओळीत बोलावता येतं. ॲडमिनचे अधिकार लागत नाहीत आणि वेळही जवळजवळ लागत नाही.

याच फंक्शनला ८१९३ दिलं, म्हणजे एसएम_रिमोटकंट्रोल, तर वेगळी गोष्ट कळते: या सेशनवर दुसरं कुणी विंडोजच्या शॅडो सोयीनं नजर ठेवतंय किंवा ताबा घेतंय का. मोठ्या कंपन्यांतला आयटीवाला असाच डोकावतो. तेव्हा सेशन कन्सोलचं असूनही बघणारा दुसरीकडे असतो. या दोन आकड्यांची गल्लत बऱ्याच कोडमध्ये दिसते.

अधिक तपशील हवा असेल तर डब्ल्यूटीएसक्वेरीसेशनइन्फर्मेशन वापरायचं. त्याला क्लायंटप्रोटोकॉलटाइप मागितलं की ० म्हणजे कन्सोल आणि २ म्हणजे आरडीपी असं उत्तर येतं. क्लायंटनेम मागितलं तर पलीकडच्या मशीनचं नाव, क्लायंटॲड्रेस मागितला तर आयपी पत्ता. पत्त्याच्या बाबतीत दोन ठेचा ठरलेल्या. एक, आयपीचे आकडे त्या रचनेतल्या ॲड्रेस या भागाच्या सुरुवातीपासून नव्हे, दोन बाइट सोडून सुरू होतात. हे न पाळणाऱ्याला ०.०.१९२.१६८ असला विचित्र पत्ता दिसतो. दोन, हा पत्ता पलीकडचं मशीन स्वतःच कळवतं. घरच्या राउटरमागून आलेल्या माणसाचा तो १९२.१६८ नं सुरू होणारा घरगुती पत्ता असतो. त्यावरून माणूस कोपरखैरण्यात आहे की कोल्हापुरात, हे सांगता येणार नाही.

काही जण सेशननेम हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल वाचून मोकळे होतात. त्यात 'कन्सोल' किंवा 'आरडीपी-टीसीपी#०' असं लिहिलेलं असतं. बॅच फाइलमध्ये पटकन बघायला ठीक. प्रोग्रामच्या आत मात्र यावर विसंबू नये: प्रोग्राम सुरू होताना त्याला या मजकुराची प्रत मिळते आणि सेशन नंतर दुसरीकडे गेलं तरी ती प्रत जुनीच राहते.

## 'एकदा तपासलं की झालं ना?'

नाही. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

विंडोजच्या प्रो आवृत्तीत एका वेळी एकच माणूस काम करू शकतो. संध्याकाळी ऑफिसात मशीन लॉक करून निघालात आणि रात्री घरून त्याच लॉगिननं आरडीपी केलं, तर नवं सेशन उघडत नाही. दिवसभराचं तेच सेशन, तोच क्रमांक, त्याच उघड्या खिडक्या कन्सोलवरून सुटून आरडीपीच्या जोडणीला लागतात. ऑफिसच्या स्क्रीनवर लॉगिनचा पडदा येतो. सकाळी दहाला सुरू झालेल्या प्रोग्रामनं तेव्हाच 'दूरचं नाही' अशी नोंद करून ठेवली असेल, तर रात्री नऊला ती नोंद चुकलेली असते आणि प्रोग्रामला त्याचा पत्ताही नसतो.

म्हणून विचारण्यासोबत ऐकायचीही सोय करावी लागते. डब्ल्यूटीएसरजिस्टरसेशननोटिफिकेशन या फंक्शनला आपल्या खिडकीचं हँडल दिलं की सेशनमध्ये बदल झाला रे झाला, त्या खिडकीला ६८९ क्रमांकाचा संदेश येतो. त्यासोबतचा आकडा काय घडलं ते सांगतो: १ कन्सोलला जोडलं, २ कन्सोलवरून सुटलं, ३ दुरून जोडलं, ४ दुरून सुटलं, ७ लॉक, ८ अनलॉक, ९ शॅडोची स्थिती बदलली. संदेश आला की ४०९६ वाला प्रश्न पुन्हा विचारायचा. खिडकी नष्ट होण्याआधी नोंदणी रद्द करायला विसरू नये. डॉटनेटवाल्यांना सिस्टमइव्हेंट्समधला सेशनस्विच पुरतो, पण प्रोग्राममध्ये मेसेज लूप, म्हणजे खिडकीला येणारे संदेश वाचत राहणारा भाग, चालू असेल तरच. कमांड प्रॉम्प्टवर चालणाऱ्या बिनखिडकीच्या प्रोग्राममध्ये तो गुपचूप बसतो आणि माणूस तासभर डोकं खाजवतो.

मशीन सुरू होताच चालू होणाऱ्या प्रोग्रामांना आणखी एक अडचण येते. रिमोट डेस्कटॉपच्या सर्व्हिसेस अजून उठलेल्या नसतील तर ही नोंदणी चूक परत करते. तेव्हा ग्लोबल टर्मएसआरव्हीरेडीइव्हेंट या इव्हेंटची वाट पाहून मग नोंदणी करायची.

सर्व्हिस असेल तर प्रश्नच वेगळा होतो. सर्व्हिस शून्य सेशनमध्ये असते. तिनं 'मी दुरून आहे का' असं विचारून उपयोग नाही, तिला 'अमुक क्रमांकाचं सेशन दुरून आहे का' असं विचारावं लागतं. म्हणजे सगळ्या सेशनांची यादी मागवायची, प्रत्येकाची स्थिती बघायची आणि सक्रिय असलेल्यांचा प्रोटोकॉल तपासायचा. बदल ऐकायला सर्व्हिसनं सुरुवातीलाच सेशनचेंज स्वीकारत असल्याचं सांगितलेलं असलं पाहिजे, नाहीतर तिला काहीच कळवलं जात नाही.

हाताने तपासायचं असेल तर प्रो किंवा सर्व्हर आवृत्तीत कमांड प्रॉम्प्टवर क्यूविनस्टा लिहा. सेशनचं नाव, यूजर, क्रमांक आणि स्थिती एका नजरेत दिसते. होम आवृत्तीत ही कमांड सहसा मिळत नाही, आणि होम आवृत्तीवर बाहेरून आरडीपी करताही येत नाही.

## उत्तर खरं असूनही फसवं कधी ठरतं

हायपर-व्ही या विंडोजच्या सोयीतलं व्हर्च्युअल मशीन (मशीनच्या आत चालणारं दुसरं मशीन) वर्धित सेशन पद्धतीनं उघडलं तर आतून ते आरडीपीच असतं. तुम्ही मशीनच्या पुढ्यात बसलेले, तरी आतला प्रोग्राम 'दूरचं' म्हणणार. साध्या पद्धतीनं उघडलं तर 'जवळचं'. डेव्हलपरनं स्वतःच्या लॅपटॉपवर चाचणी घेतली आणि ग्राहकाकडे उलटं घडलं, की आधी हे बघावं.

टीएसकॉन ही कमांड त्याच्या उलट. दुरून आलेला माणूस जाताना सेशन कन्सोलला जोडून देतो, म्हणजे मागे चालणारा ऑटोमेशनचा प्रोग्राम पडदा बंद झाल्यामुळे अडत नाही. त्यानंतर विंडोज प्रामाणिकपणे सांगणार की सेशन कन्सोलवर आहे, पण खुर्ची रिकामी. शिवाय ऑफिसातली ती स्क्रीन लॉक न होता उघडी पडते. वागळे इस्टेटमधल्या एखाद्या कारखान्याच्या कार्यालयात रात्रपाळीला कोण कोण फिरतं याचा विचार करून मगच ही युक्ती वापरावी. खरं तर वापरूच नये.

तिसरी गोष्ट जुनी, पण कोडमध्ये अजून भेटते. रिमोटएफएक्स व्हीजीपीयू ही सोय चालू असलेल्या सेशनला ४०९६ वाला प्रश्न चुकून 'जवळचं' म्हणायचा. तेव्हा मायक्रोसॉफ्टनं सुचवलेला उपाय असा: रजिस्ट्रीत टर्मिनल सर्व्हरच्या किल्लीखाली ग्लाससेशनआयडी नावाचा आकडा असतो, तो कन्सोलच्या सेशनचा क्रमांक. प्रोसेसआयडीटूसेशनआयडी नं आपला क्रमांक काढायचा. दोन्ही जुळले नाहीत तर आपण दूरचे. ती सोयच सुरक्षेच्या त्रुटींमुळे मायक्रोसॉफ्टनं २०२० मध्ये बंद करून २०२१ मध्ये काढून टाकली. तुलनेचा हा मार्ग आजही चालतो, पण त्याला एक मर्यादा आहे: आपलं सेशन नुसतं सुटलेलं असेल, कुणालाच जोडलेलं नसेल, तरी तो 'दूरचं' म्हणतो. म्हणून स्थिती सक्रिय आहे का हेही सोबत पाहावं. कन्सोलला कुठलंच सेशन नसण्याचा क्षणही येतो. तेव्हा डब्ल्यूटीएसगेटॲक्टिव्हकन्सोलसेशनआयडी हे फंक्शन ३२ च्या ३२ बिट १ असलेला आकडा परत करतं. तो खरा क्रमांक समजून पुढे वापरू नये.

## लिनक्सवर

इथे दुरून येण्याची नेहमीची वाट एसएसएच, म्हणजे नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनवर कमांड चालवण्याची पद्धत. तिनं आलेल्या शेलमध्ये (कमांड घेणाऱ्या प्रोग्राममध्ये) एसएसएच_कनेक्शन हे व्हेरिएबल असतं आणि त्यात चार गोष्टी: पलीकडचा आयपी, पलीकडचं पोर्ट, इकडचा आयपी, इकडचं पोर्ट. ते आहे का एवढं बघणं हा झटपट उपाय. पण रूटचे, म्हणजे ॲडमिनचे, अधिकार देणारं सुडो वापरलं की सहसा व्हेरिएबल पुसली जातात, हेही जातं, आणि तुमची स्क्रिप्ट रूट म्हणून चालताना छातीठोकपणे 'जवळचं' म्हणते. नेमकी रूटची स्क्रिप्टच जपून चालायला हवी असते. फायरवॉल बदलणारी किंवा नेटवर्क पुन्हा सुरू करणारी स्क्रिप्ट दुरून चालवली तर स्वतःच बसलेली फांदी तोडते, मग महापेच्या डेटा सेंटरमध्ये माणूस पाठवावा लागतो.

शेल मागे चालू ठेवणाऱ्या टीमक्समध्येही हीच चूक होते. ऑफिसात उघडलेला शेल घरून एसएसएचनं पकडला, तर त्या शेलमध्ये जुनीच व्हेरिएबल असतात.

त्यामुळे सिस्टमडी (सर्व्हिसेस आणि लॉगिन सांभाळणारी यंत्रणा) असलेल्या मशीनवर तिच्या लॉगिनसीटीएल या कमांडला विचारणं बरं. शो-सेशन देऊन रिमोट, रिमोटहोस्ट आणि सीट ही तीन खाती मागायची. प्रत्यक्ष स्क्रीनसमोरच्या सेशनला सहसा 'सीट०' मिळालेली असते, दुरून आलेल्याला सीट नसते. एक्सआरडीपीनं (लिनक्सवरच्या आरडीपीनं) ग्राफिक लॉगिन केलं तर रिमोट खात्यात 'नाही' असंही येऊ शकतं. म्हणून सीट बघणं जास्त भरवशाचं. सिस्टमडी नसेल तर आपल्या प्रोसेसच्या आई-आजीपर्यंत मागे जात एसएसएचडी, म्हणजे एसएसएचची सर्व्हिस, भेटते का ते पाहायचं. टीमक्समध्ये हा मागही मध्येच तुटतो.

## एनीडेस्क ओळखायचंच असेल तर?

थेट प्रश्न विचारण्याची सोय नाही, फक्त खुणा आहेत आणि प्रत्येक खूण कच्ची आहे.

पहिली खूण, चालू प्रोसेसांची यादी. पण एनीडेस्क इन्स्टॉल केलेलं असेल तर त्याची सर्व्हिस कुणी जोडलेलं नसतानाही चालूच असते, आणि फाइलचं नाव बदललं की नावावरून शोधणारा कोड आंधळा होतो. दुसरी, पोर्ट: एनीडेस्क थेट जोडणीसाठी ७०७०, टीमव्ह्यूअर ५९३८, व्हीएनसी ५९००. मात्र एनीडेस्क आणि टीमव्ह्यूअर ४४३ वरूनही बाहेर पडतात, म्हणजे साध्या वेबसाइटच्या गर्दीत मिसळून जातात.

तिसरी खूण तांत्रिकदृष्ट्या सगळ्यात रोचक. प्रोग्रामनं सोडलेली कळ विंडोज खुणावून ठेवतं. लो-लेव्हल कीबोर्ड हुक (प्रत्येक कळ आधी आपल्या प्रोग्रामला दाखवणारी सोय) लावला तर प्रत्येक कळेसोबत झेंडे येतात आणि त्यात १६ चा बिट असेल तर ती कळ बोटानं दाबलेली नाही, कुठल्यातरी प्रोग्रामनं घुसवलेली आहे. माउससाठी हाच बिट १ चा. फार छान, पण कळा आपोआप दाबणारं ऑटोहॉटकी, बोलून टाइप करण्याची साधनं, मराठी टायपिंगची काही साधनं हीसुद्धा अक्षरं अशीच घुसवतात. स्वतःचा ड्रायव्हर वापरणारं रिमोट सॉफ्टवेअर या खुणेतून निसटतं. आणि सगळ्या कळा ऐकणारा हुक लावला म्हणून अँटिव्हायरसनं तुमच्याच प्रोग्रामला पासवर्डचोर ठरवलं, तर त्याला दोष देता येणार नाही.

घटना घडून गेल्यावर मात्र माग काढता येतो. आरडीपीचा माग विंडोजच्या सिक्युरिटी लॉगमध्ये असतो: घटना ४६२४, लॉगिन प्रकार १०, चालू सेशनला पुन्हा जोडलं तर ४७७८, सुटलं तर ४७७९. पुन्हा जोडताना लॉगिनचा प्रकार १० ऐवजी ७, म्हणजे अनलॉक, असाही दिसतो, म्हणून फक्त १० शोधणारा अर्ध्या नोंदींना मुकतो. एनीडेस्कची नोंद इथे नसते. ते स्वतःच्या फोल्डरमध्ये कनेक्शन_ट्रेस नावाची टेक्स्ट फाइल ठेवतं आणि टीमव्ह्यूअर कनेक्शन्स_इनकमिंग नावाची. फसवणूक झाली असेल तर मशीन फॉरमॅट करण्याआधी या फाइल्स जपून ठेवाव्यात.

## बँकेचं ॲप इतकं संशयी का

वीजबिल थकलंय, रात्री लाइट कापणार, असा मेसेज आणि पाठोपाठ 'हे ॲप टाका आणि त्यातला नंबर सांगा' असा फोन. हा प्रकार एव्हाना बहुतेकांनी ऐकलेला आहे. रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी २०१९ मध्येच एनीडेस्कचं नाव घेऊन बँकांना सावध केलं होतं: ॲपमधला ९ अंकी कोड मिळाला आणि परवानग्या दिल्या गेल्या, की ठग त्या फोनवरून पैसे हलवू शकतो.

अँड्रॉइडवर लॉगिन दुरून होत नाहीच, म्हणून सेशनचा प्रश्न बाद. स्क्रीनचं चित्र टिपायला एक परवानगी लागते आणि दुरून बोट चालवायला ॲक्सेसिबिलिटी सेवा लागते. बँकेचं ॲप तिथेच बघतं. कुठल्या ॲक्सेसिबिलिटी सेवा चालू आहेत त्याची यादी मागवतं. आपल्या पडद्यावर फ्लॅग_सिक्युअर लावतं, म्हणजे टिपणाऱ्याला तिथे काळा चौकोन दिसतो. फोनमध्ये अमुक ॲप आहे का हेही बघता येतं, पण अँड्रॉइड ११ पासून कुठली ॲप्स बघणार त्यांची नावं आधी जाहीर करावी लागतात. अँड्रॉइड १५ मध्ये आपला पडदा रेकॉर्ड होतोय का हे कळवणारी सोय आली. आयफोनवर ती आयओएस ११ पासून, म्हणजे २०१७ पासून आहे.

## 'मग संशय आला की बंदच करा ना!'

हा आग्रह समजण्यासारखा आहे, पण त्यात भरडला जातो तो भलताच माणूस. ज्याला दिसत नाही तो फोन पडदा वाचून दाखवणाऱ्या टॉकबॅकच्या आधारानं चालवतो आणि टॉकबॅक ही ॲक्सेसिबिलिटी सेवाच आहे. काही पासवर्ड मॅनेजरही तीच सेवा वापरतात. सरसकट नकार देणारं ॲप या लोकांना त्यांच्याच पैशांपासून तोडतं.

डेस्कटॉपवरही तेच. लायसन्स वाचवायला 'आरडीपी दिसलं की प्रोग्राम बंद' असं लिहिणाऱ्या कंपन्या आहेत. त्यांचा पैसे भरणारा ग्राहक घरून काम करताना अडतो आणि फुकटात वापरू पाहणारा एनीडेस्कनं येतो. शिवाय हा तपास त्याच मशीनवर चालतो जिथे समोरच्याला ॲडमिनचे अधिकार असू शकतात; गेटसिस्टममेट्रिक्सचं उत्तर मधल्यामध्ये बदलणं त्याला फार कठीण नाही. हा तपास कुलूप म्हणून वापरण्याच्या लायकीचा नाही.

मग तो कशासाठी वापरायचा? आरडीपीवर ॲनिमेशन आणि फिकट होत जाणारे परिणाम बंद करायला. टोकनसाठी नेमकी सूचना दाखवायला. 'तुम्ही दुरून आहात, नेटवर्क बंद केलंत तर पुन्हा जोडता येणार नाही, नक्की करायचं?' असं विचारायला. बँकेसारख्या ठिकाणी खूण दिसली की रक्कम पाठवणं किंवा पैसे घेणारं नवं खातं जोडणं काही वेळ रोखून ठेवायला आणि त्या खात्याचा व्यवहार सर्व्हरवर जास्त बारकाईनं तपासायला. ज्यांचे पैसे गेलेच आहेत त्यांनी कोडच्या भानगडीत न पडता लगेच १९३० या क्रमांकावर कळवावं. पहिल्या काही तासांत रक्कम पुढच्या खात्यात गोठवता येण्याची शक्यता जास्त असते.

## कोड लिहिलात तर असा तपासा

एका साध्या विंडोज प्रो मशीनवर आणि शेजारच्या लॅपटॉपवर हे सगळं होतं. प्रोग्राममध्ये एक छोटी खिडकी ठेवा, जी सेशनचा क्रमांक, ४०९६ चं उत्तर, प्रोटोकॉल आणि शेवटचा आलेला संदेश सतत दाखवेल. मशीनसमोर बसून सुरू करा: उत्तर शून्य, प्रोटोकॉल शून्य. प्रोग्राम न बंद करता लॅपटॉपवरून त्याच लॉगिननं आरडीपी करा. क्रमांक तोच राहिला पाहिजे, उत्तर बदललं पाहिजे, प्रोटोकॉल २ झाला पाहिजे आणि २ व ३ हे संदेश नोंदले गेले पाहिजेत. आरडीपीची खिडकी फुलीनं बंद करा, मशीनसमोर येऊन लॉगिन करा. उत्तर आणि प्रोटोकॉल पुन्हा शून्यावर यायला हवेत. येत नसतील तर तुमचा कोड कुठेतरी जुनं उत्तर साठवून बसलाय.

मग एनीडेस्कनं जोडा. काहीच बदलणार नाही आणि तेच बरोबर आहे. इथे 'दूरचं' दिसलं तर कुठलीतरी खूण जास्तच उत्साहानं वाचली जातेय. त्याच अवस्थेत फक्त हुकचा तपास चालू करून मशीनच्या खऱ्या कीबोर्डवर आणि मग लॅपटॉपवरून एक-एक अक्षर टाइप करा, १६ चा बिट फक्त दुसऱ्यात दिसतो का ते बघा. शेवटी हाच तपास मराठी टायपिंगचं साधन चालू करून खऱ्या कीबोर्डवर करा.